शिवणीतली माया

काही शब्दांचे नशीबच खोटे असते. ‘उमेदवार’ हा त्यांतला एक. फारसीतून आपल्याकडे आला तेव्हा त्याच्या पोटात उमेद होती. पेढीवर, छापखान्यात, वकिलाच्या कचेरीत, वैद्याच्या ओसरीवर, काहीतरी शिकून मोठे होण्याची उमेद बाळगून बसलेली पोरे असत, त्यांना उमेदवार म्हणत. पुढे निवडणुका आल्या आणि हा शब्द भिंतींवर चढला. आता उमेदवार म्हटले की हात जोडून हसणारा एक चेहरा डोळ्यांपुढे येतो, आणि शिकण्याशी त्याचा काही संबंध असेल अशी शंका कुणाला येत नाही. शिकणाऱ्या पोरांसाठी मग आपण ‘इंटर्न’ हा शब्द आणला. शब्द सुटसुटीत आहे, पत्रात लिहायला बरा दिसतो. पण हलवून पाहिला तर आत उमेद वाजत नाही.

२०१३ सालच्या जानेवारीपासून जूनअखेर सहा महिने मी अशी इंटर्न होते. पुण्याच्या एका संस्थेत मी वेषरचनेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम करीत होते, आणि शेवटच्या वर्षी एखाद्या व्यावसायिकाकडे सहा महिने काम करून दाखला आणल्याशिवाय पदवी मिळत नसे. मला मुंबईच्या एका फॅशन डिझायनरकडे जागा मिळाली. त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही. लग्नसराईत वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून ज्यांच्या घागऱ्यांची रंगीत छायाचित्रे येतात, अशांपैकी ते एक. पत्रात लिहिले होते की, मानधन मिळणार नाही, अनुभव मिळेल. अनुभव मिळाला; त्या बाबतीत माझी तक्रार नाही.

सांगलीला ही बातमी कळली तेव्हा आत्या म्हणाली, “अगं, शिवणाचा क्लास आपल्या गल्लीतच आहे की! त्यासाठी मुंबई कशाला?” मी तिला फरक समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो मलाही फारसा माहीत नव्हता.

राहायला मात्र मला हक्काची जागा होती. आईचे वडील, म्हणजे माझे आजोबा, लालबागच्या चाळीत मामाकडे राहत. आजोबांची सारी हयात गिरणीत, साचेखात्यात गेली. दोन साचे सांभाळायचे आणि आठ तास त्यांच्या खडखडाटात उभे राहायचे. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. आजोबांना पुन्हा साच्यापुढे उभे राहता आले नाही. ज्या लोअर परळात ते पायी कामावर जात, तिथेच तीस वर्षांनी मीही पायी कामावर जाऊ लागले. माझे काम जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका इमारतीत होते. खाली काचेचे दालन, आत मंद दिवे आणि मोजके कपडे. वरच्या मजल्यावर, अरुंद जिन्याने गेले की, कारखाना. गिरणी गेली पण कापड त्या आवारातून गेले नव्हते. पूर्वी तिथे ते मैलांनी निघत असे, आता वितींनी मोजले जाई, इतकेच.

पहिला महिना मी मुख्यतः चालले. मंगळदास मार्केट, मुळजी जेठा मार्केट, भुलेश्वर. अस्तर आण, लेस आण, या बटणासारखे आणखी अकरा आण. बाराव्या बटणाच्या शोधात मुंबई किती मोठी आहे हे जसे कळते, तसे ते नकाशावरून कळत नाही. पांढरा रंग एक नसतो, हे मला तिथे समजले. मोतिया, हस्तिदंती, दुधी, सायीचा, निळसर झाक असलेला. आणि एका पांढऱ्यावर दुसरा पांढरा ठेवला की दोहोंपैकी एक हमखास मळका दिसतो.

हे ज्ञान मला ज्याने दिले तो एक रंगारी होता. गल्लीच्या तोंडाशी त्याचे दुकान. दुकान म्हणजे उकळत्या पाण्याची दोन पातेली, एक स्टोव्ह आणि डब्यांतून भरलेल्या रंगांच्या पुड्या. ओढणी रंगवायला दिली की तो आधी नुसते एक टोक बुडवी, स्टोव्हच्या धगीवर धरून वाळवी आणि उठून रस्त्यावर जाई. तिथे उन्हात तो ते टोक नमुन्याच्या तुकड्याशी लावून पाही. पुन्हा आत, पुन्हा चिमूटभर पूड, पुन्हा रस्त्यावर. एकदा मी घाईत होते. म्हटले, “इथेच ट्यूबलाइटखाली बघा ना.” तो म्हणाला, “ओला रंग खोटं बोलतो, आणि दिवा त्याला साथ देतो.” पुढे कुठलाही रंग पसंत करण्याआधी तुकडा घेऊन खिडकीशी जायची मला जी सवय लागली, ती त्याची देणगी आहे. माणसांच्या बाबतीतही हाच नियम लावावा असे कधीकधी मनात येते. पण माणसे खिडकीशी यायला तयार नसतात.

दुसऱ्या महिन्यात मला कारखान्यात बसायची परवानगी मिळाली. वर अड्डे लावलेले होते. अड्डा म्हणजे लाकडी चौकट. तिच्यावर कापड ढोलकीच्या कातड्यासारखे ताणून बांधतात आणि चौघे-सहाजण भोवती मांडी घालून भरतकाम करतात. एक हात कापडाच्या वर, एक खाली. वरच्या हातात आरी, म्हणजे टोकाला बारीकसा आकडा असलेली सुई. खालचा हात दोरा पुरवतो आणि आकडा तो वर ओढून घेतो. खालचा हात डोळ्यांना दिसत नाही. तो आपले काम आंधळेपणाने पण बिनचूक करीत असतो. कारागीर बहुतेक उत्तर प्रदेशातले आणि बंगालातले. त्यांच्या कामाचा हिशेब नफरीत होई. आठ तासांची एक नफरी. दिवसाकाठी दीड नफरी भरणे हे रोजचेच.

नक्षी कापडावर कशी उतरते हे मी आयुष्यात प्रथम तिथे पाहिले. आधी ती पातळ कागदावर काढतात आणि रेघेरेघेवर सुईने जवळजवळ भोके पाडतात. याला खाका म्हणतात. खाका कापडावर ठेवायचा, रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड किंवा नीळ बोळ्याने त्यावरून फिरवायची, आणि कागद उचलायचा. खाली ठिपक्याठिपक्यांची वेल उमटलेली असते. आमच्याकडे अंगणात रांगोळीचा छापा असतो, त्याचीच ही थोरली बहीण. घागऱ्याच्या एका घेरावर ही वेल भरायला सहाजणांना तीन आठवडे लागले. काम संपले तेव्हा त्यांतल्या एकाने चौकट सैल करताना कापडावरून नुसता पंजा फिरवला, दुसऱ्या दिवशी नवे कापड ताणले, आणि तो घागरा पुन्हा त्याच्या दृष्टीस पडला नाही.

परंतु माझे खरे शिक्षण झाले ते मास्तरांच्या टेबलाशी. मास्तर म्हणजे कापणारे. पंढरपूरकडचे, जातीचे शिंपी. आमच्या कुळात नामदेव झाले हे ते अशा सुरात सांगत की जणू परवाच झाले. सत्तरीला आलेले, कानात पेन्सिल, गळ्यात टेप. डिझायनरसाहेब वरून चित्र पाठवीत आणि मास्तर त्याचे कापड करीत. या दोहोंमध्ये किती अंतर असते हे मला त्यांनी पहिल्याच दिवशी दाखवले. फॅशनच्या चित्रातली बाई डोक्याच्या मापाने मोजली तर नऊ डोकी उंच असते. खरी बाई फार तर साडेसात. “हे वरचं दीड डोकं,” मास्तर चित्रावर टिचकी मारून म्हणाले, “आपल्याला कापडातून काढावं लागतं.” कमर कुठे चढवायची, चुण्या कुठे थांबवायच्या, उभी शिवण कुठून न्यायची म्हणजे साडेसात डोक्यांची बाई आरशात नऊ डोक्यांची दिसेल, हे सगळे गणित त्यांच्या बोटांत होते. ते त्यांना बोलून सांगता येत नसे. “बघत राहा,” एवढेच ते म्हणत.

महाग कापडाला ते प्रथम कधीच कात्री लावीत नसत. आधी मांजरपाटाचा नमुना कापायचा, टाचायचा, पुतळ्यावर चढवायचा आणि जिथे ओढ दिसेल तिथे पेन्सिलने खूण करायची. असा एक तुकडा मी एकदा घरी नेला. आजोबांनी तो अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळला, दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला आणि उभा धागा कोणता, आडवा कोणता, ते डोळे मिटून सांगितले. “उभा धागा देत नाही,” ते म्हणाले. “आडवा थोडा देतो. तिरकं ओढशील तर भरपूर देतो.” दुसऱ्या दिवशी मास्तरांनी उरेब कापड शिकवायला घेतले आणि नेमके हेच शब्द उच्चारले. त्या दोघांची कधी भेट झाली नाही. एकाने आयुष्यभर धागे एकमेकांत घातले, दुसऱ्याने ते कापले. आणि दोघांना कापडाचा स्वभाव सारखाच ठाऊक होता.

उरेब कापडाने पॅरिसमध्ये क्रांती केली, हे मी पुस्तकात वाचले होते. ती करणारी मादलेन व्हिओने अकरा-बारा वर्षांची असतानाच शिवणाच्या दुकानात उमेदवार म्हणून लागली. १९१२ साली तिने स्वतःचे दुकान काढले. ती कागदावर चित्र काढीत नसे. लाकडाच्या लहानशा बाहुलीवर कापड लपेटून पाही. कापड तिरके धरले की ते अंगावरून पाण्यासारखे ओघळते, हे तिने साऱ्या जगाला दाखवले. पुस्तके याविषयी पानेच्या पाने लिहितात. आणखी एक गोष्ट ती घाईघाईने सांगून पुढे जातात. ती मला अधिक मोलाची वाटते. तिच्याकडच्या शिवणाऱ्या बायकांना पगारी रजा मिळे. त्यांच्यासाठी जेवणघर होते, डॉक्टर होता. उमेदवारीत काय काय सोसावे लागते याचा तिला विसर पडला नव्हता, असे दिसते.

या धंद्यातले पुष्कळ मोठे लोक असे तळातून आलेले आहेत. चार्ल्स वर्थ हा लंडनच्या कापडदुकानांतला उमेदवार; १८५८ साली त्याने पॅरिसमध्ये दुकान थाटले, आणि कपड्याच्या आत स्वतःच्या नावाची पट्टी शिवण्याची चाल त्याने रूढ केली असे मानतात. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले, सुरुवातीला महिलांच्या इंग्रजी साप्ताहिकासाठी फॅशनची चित्रे काढली, मग सिनेमाचे कपडे केले, आणि ‘गांधी’साठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. मास्तरांना हे मी सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, “आणि धोतरं कापली कुणी?” मी म्हटले, धोतर कापत नाहीत, मास्तर. ते हसले. पण त्यांचा प्रश्न मला समजला होता. वर्थची पट्टी कॉलरच्या आत शिवताना हात दुसऱ्याचाच असे.

मार्चमध्ये एका फॅशन वीकमध्ये आमच्या कपड्यांचा कार्यक्रम झाला. चार महिन्यांचे काम बारा-पंधरा मिनिटांत संपले. मी पडद्यामागे गुडघ्यांवर बसले होते. मनगटाला टाचण्यांची उशी, गळ्यात दोरा ओवलेल्या सहा सुया. मॉडेल धावत येत, दोघीजणी एक कपडा उतरवीत, दोघी दुसरा चढवीत, तिसरी पायांत चपला घाली, आणि हे सारे एका मिनिटाच्या आत. पडद्यापलीकडून टाळ्यांचा आवाज पावसासारखा येत होता. अखेरीस डिझायनरसाहेब बाहेर जाऊन नमस्कार करून आले. मास्तरांना आमंत्रण नव्हते. कारागिरांना असण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलेले छायाचित्र मी कारखान्यात नेले. ज्या कारागिराने घेरावरची वेल भरली होती त्याने ते बराच वेळ निरखून पाहिले आणि म्हणाला, “उलटा पहना दिया है.” खरोखरच घेर अर्धा फिरला होता आणि वेलीची जोडशिवण पुढे आली होती. ही गोष्ट त्या प्रचंड सभागृहात कुणाच्याही लक्षात आली नव्हती.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सारे लिहायला बसले, तो सांगते.

एप्रिलच्या सुरुवातीला एक बाई मुलीच्या लग्नासाठी पोलके शिवायला आल्या. पन्नाशीच्या असतील. खालच्या दालनातल्या मुलीने त्यांना पुस्तके दाखवली, नमुने दाखवले. त्या कशावरही बोट ठेवीनात. शेवटी हळूच म्हणाल्या, माझे ऑपरेशन झाले आहे. एका बाजूचा स्तन काढलेला होता. दालनातली मुलगी गोंधळली, “आम्ही कळवतो,” असे काहीतरी बोलली. तेवढ्यात मास्तर कसल्याशा कामाने खाली आले होते. त्यांनी ऐकले, आणि मला बाजूला बोलावून गळ्यातला टेप माझ्या हातात दिला. “तू आत जा. मी पडद्याबाहेर लिहून घेतो. आणि एक ध्यानात ठेव पोरी, आत गेलं की मापं सांगायची. मतं नाही.”

मी आत गेले. मापे घेतली. खांदा, मुंढा, छातीच्या वरची, खालची; आणि एरवी आपण एका बाजूचे घेऊन दुप्पट करतो ती मापे दोन्ही बाजूंची वेगवेगळी. मी आकडा म्हणे, बाहेरून मास्तर तो परत उच्चारीत. तो कमी नाही की जास्त नाही, अशा सुरात. जणू जगातल्या सर्व बायकांची दोन बाजूंची मापे वेगळीच असतात. मध्ये एकदा माझा आवाज बदलला असावा. बाहेरून लगेच शब्द आले, “पुढे.” त्या बाई आरशात माझ्याकडे पाहत होत्या. मापे संपली तेव्हा त्या म्हणाल्या, “दवाखान्यात सगळ्यांनी मला धीर दिला. इथे तुम्ही नुसती मापं घेतलीत. बरं वाटलं.”

ते पोलके मास्तरांनी स्वतः शिवले. डावीकडे अस्तराच्या आत मऊ कापसाचा खिसा केला, गळा जरा वर घेतला, भरतकामाची वेल त्या बाजूला किंचित दाट ठेवली. आणि दोन्ही कुशींना त्यांनी दोन दोन इंच माया सोडली.

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेले जास्तीचे कापड. शहरातले लोक आता त्याला मार्जिन म्हणतात. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती जेमतेम बोटभर असते, कारण हजारो कपड्यांत इंचाइंचाने कापड वाचते आणि ते वाचलेले कापड म्हणजे नफा. आमच्या दालनातही एवढी माया सोडायची पद्धत नव्हती. तिने शिवण जाड दिसते. मी तसे म्हटले. मास्तर म्हणाले, “औषधं चालू आहेत त्यांची. अंग उतरेल, नाहीतर चढेल. पुढच्या वर्षी हे पोलकं त्यांना घालता आलं पाहिजे.” जरा वेळाने, कात्री चालवतच, पुढे म्हणाले, “माप आजचं असतं. माणूस उद्याचा असतो.” त्यांच्या तोंडून मी ऐकलेले हे सर्वांत लांब तत्त्वज्ञान. आमच्या भाषेने या जास्तीच्या कापडाला ‘माया’ हे नाव का दिले असेल याचा मी त्यापूर्वी कधी विचार केला नव्हता.

त्याच महिन्यात, २४ तारखेला, ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. तिच्यात कपडे शिवण्याचे कारखाने होते. आदल्या दिवशीच भिंतींना भेगा पडलेल्या दिसल्या होत्या. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली, शिवणाऱ्यांना मात्र सकाळी कामावर बोलावले होते. ११३४ माणसे मेली. आमच्याकडचे बंगाली कारागीर दुपारी मोबाइलभोवती जमून बातम्या पाहत होते. बोली जवळजवळ तीच, काम तेच. कुणी फारसे बोलले नाही. मास्तर उठले आणि मागच्या दाराकडे गेले. मागे एक दुसरा जिना होता, पण दारासमोर कापडाचे तागे रचून ठेवल्यामुळे ते कित्येक महिने उघडलेच नव्हते. मास्तरांनी पहिला तागा उचलला. मग सगळेच उठले. तासाभरात दार मोकळे झाले, कडी तेल घालून सैल केली. मॅनेजर वर येऊन म्हणाले, माल कुठे ठेवायचा? मास्तर म्हणाले, “खाली. काचेत जागा पुष्कळ आहे.” आणि त्यांनी पुन्हा कात्री हातात घेतली. मी तिथे होते तोवर ते दार पुन्हा अडले नाही.

आता पैशांविषयी. ललित लेखात पैशांचा विषय काढू नये असा संकेत आहे. पण उमेदवारीवर लिहायचे आणि तो टाळायचा म्हणजे मीठ वगळून स्वयंपाकावर लिहिण्यासारखे आहे. माझ्याबरोबर अमरावतीची एक मुलगी होती. तिची बोटे माझ्यापेक्षा हुशार होती. मास्तरांची कात्री ते मला देत नसत, तिला देत. ती अंधेरीला एका खोलीत पाचजणींबरोबर राही. खोलीचे भाडे, रेल्वेचा पास, दोन वेळचे जेवण. घरून येणारे पैसे संपले तसे तिने आधी दुपारचे जेवण सोडले, आणि मार्चअखेर काम सोडले. पुढे ती एका मोबाइलच्या दुकानात लागल्याचे कळले. मी सहा महिने पुरे केले याचे कारण माझी चिकाटी नव्हे. लालबागला मामीने माझे पान मांडून ठेवलेले असे, हे आहे. फुकट उमेदवारी ज्याला परवडते त्यालाच ती मिळते, आणि मग धंद्यात पुढे तेच लोक दिसतात. चाळणीने तांदूळ निवडावेत तसे हे आहे. फरक इतकाच की ही चाळणी खडे ठेवते की तांदूळ, ते कुणी पाहत नाही.

आजोबांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारले होते, “हजेरी किती देतात?”

“पगार नाही, आजोबा. शिकायला मिळतं.”

ते बराच वेळ गप्प राहिले. ते स्वतः पहिली काही वर्षे बदली कामगार होते. बदलीवाल्याने रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहायचे. कायम माणूस गैरहजर असला तर त्याच्या जागी आत जायचे, नाहीतर घरी परत. ते म्हणाले, “आम्हाला काम मिळालं नाही तर पैसे नव्हते. काम करून पैसे नाहीत, हे मी आजच ऐकलं.”

असे नाही की याला कायदाच नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्याकडे १९६१ साली झाला, आणि त्यात विद्यावेतनाची तरतूद आहे. पण तो ज्या कारखान्यांना आणि ज्या कामांना लागू होतो त्यांत आमच्यासारख्या मुली बसत नव्हत्या. आम्ही विद्यार्थिनी, आमचे ते शिक्षण. २०१३ सालीच न्यूयॉर्कमध्ये बडी मासिके काढणाऱ्या एका कंपनीवर दोन माजी इंटर्ननी मजुरीसाठी दावा लावला, तेव्हा कंपनीने इंटर्न घेण्याची पद्धतच बंद करून टाकली. पंगतीत कुणी मीठ मागितले म्हणून पानेच उचलावीत, तसे हे झाले.

जूनअखेर मला दाखला मिळाला. मास्तरांनी मला टेप दिला. जुना, पहिल्या इंचाशी झिजलेला. “एक इंच सोडून मोजत जा,” म्हणाले. नंतर तीन वर्षांनी मी सांगलीला परत येऊन स्वतःचे दुकान काढले. आत्या आता लोकांना सांगते की आमची मुलगी मुंबईला शिकून आली आहे. माझ्याकडे एक मुलगी शिकायला आहे, तासगावकडची. तिला मी पहिल्या महिन्यापासून पगार देते. तो फार नाही, कारण दुकानच फार नाही. पण तिला दुपारचे जेवण सोडावे लागू नये एवढा आहे. कुशींना माया जास्त सोडतो म्हणून आमच्याकडे कापड थोडे अधिक लागते, अशी गिऱ्हाइकांची कुरकुर असते. ती मी ऐकून घेते.

गेल्या महिन्यात एक बाई सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडेच शिवलेले पोलके घेऊन आल्या. अंग भरले होते, कुशी सैल करून हव्या होत्या. मुलीने ब्लेडने टीप उसवली आणि आतली माया उलगडली. वरचे कापड धुऊन धुऊन आणि उन्हाने फिके झाले होते. कधीकाळी ते डाळिंबी होते हे सांगावे लागले असते. आत मात्र दीड इंचाची ती पट्टी नव्यासारखी लालबुंद होती. मुलगी पाहतच राहिली. “ताई, हा खरा रंग?” तिने विचारले. मी म्हटले, खिडकीशी नेऊन बघ.